सताप की संताप?

[दृश्य: नर्सरी. सकाळची वेळ. ओल्या मातीवर काळ्या पिशव्यांच्या रांगा.]

"सताप आहे का?" असं मी विचारलं, तेव्हा नर्सरीतल्या पोरानं पाण्याचा पाइप बाजूला धरला आणि म्हणाला, "संताप? कशाचा?" आतून मालक ओरडले, "अरे सताप, सताप! तुळशीच्या मागं बघ. निळसर दिसतंय ते."

निळसर ते खरंच होतं. हिरव्या पानावर कुणीतरी चुलीतली राख भुरभुरवावी, तसा त्याचा रंग. पानं बारकी, चमच्याच्या टोकासारखी गोलसर, एका देठाला कितीतरी. एक पान तोडून उजेडाकडे धरलं, तर आत टाचणीनं टोचल्यासारखे असंख्य ठिपके. ते छिद्रं नव्हेत, तेलाच्या पिशव्या आहेत. पान चुरगळलं की त्या फुटतात, आणि मग जो वास सुटतो त्याबद्दल जगात दोनच मतं आहेत. ज्यांच्या घरी हे झाड होतं, त्यांना एकदम आजी आठवते. बाकीच्यांना ढेकणांचं औषध आठवतं.

आणि चव. कारलं कडू असतं, पण त्याचा कडवटपणा जिभेवरच असतो, घोटभर पाण्यानं जातो. सतापाचा कडवटपणा घशात उतरतो आणि तिथं बिऱ्हाड करतो.

[दृश्य: जुन्या वाड्याचं परसू. मोरीजवळ आळूची पानं, कडेला सतापाचं झुडूप.]

आमच्या घरी हे झाड परसात, मोरीच्या पाण्यावर वाढायचं. बाळाला सर्दी झाली की त्याचं पान चुरगळून कुंचीला चोळायचं. बाळ फार किरकिर करायला लागलं की एक डहाळी उशाशी ठेवायची. सतापाच्या वासानं साप फिरकत नाही, हेही आजीचं ठाम मत होतं. सापाला कुणी विचारलं नव्हतं, पण परसात साप कधी निघाला नाही एवढं खरं.

या एका पानामागं मी लागलो तो एका इंग्रजी शब्दामुळं. सतापाला इंग्रजीत 'रू' म्हणतात. आणि 'रू' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे पश्चात्ताप. केलेल्या गोष्टीचं वाईट वाटत राहणं. इंग्रज माणूस चिडून म्हणतो, 'या दिवसाचा तुला रू होईल.' आपण म्हणतो, 'पस्तावशील.'

कडू पान आणि कडू आठवण, दोन्हींना एकच शब्द. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं, वा, काय समज आहे या लोकांना! कुणीतरी हे पान चघळलं असेल आणि त्याला आपल्या जुन्या चुका आठवल्या असतील.

तसं काहीही झालेलं नाही.

[दृश्य: जुन्या शब्दकोशाचं पान. बोट एका नोंदीवर थांबतं.]

हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. पश्चात्तापाचा 'रू' हा अस्सल इंग्रजी मातीतला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ह्रेओवन' असं क्रियापद होतं, म्हणजे मनाला लागणं, दुःख होणं. त्याची भावंडं आजही शेजारी नांदतात. जर्मनमध्ये पश्चात्तापाला 'रॉये' म्हणतात, डचमध्ये सुतकाला 'राउ'.

झाडाचा 'रू' मात्र पाहुणा. मूळचा ग्रीक, तिथून लॅटिनमध्ये 'रूता' झाला, फ्रान्समध्ये त्यातला 'त' गळून 'रू' उरला. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला, त्यात हाही वाहत आला. त्याआधी इंग्रज या झाडाला 'रूडे' म्हणत. म्हणजे तेव्हा दोन्ही शब्द कानाला वेगळे लागायचे. फ्रेंच लोक आले नसते, तर पश्चात्ताप आणि सताप आपापल्या घरी सुखात राहिले असते.

पश्चात्तापाच्या 'रू'ला एक लेकही होती, 'रूथ' नावाची. अर्थ दया, कळवळा. दुसऱ्याचं दुःख पाहून जे वाटतं ते. आज तो शब्द एकटा कुणी वापरत नाही. उरला आहे फक्त 'रूथलेस', म्हणजे निर्दय. आपल्याकडे 'बेफाम'चं तेच झालं. 'फाम' म्हणजे समज. ती गेली, आणि ती नसलेला माणूस तेवढा शिल्लक राहिला.

तर असे हे दोन परके शब्द, योगायोगानं एकाच आवाजाचे झालेले. पुढचं काम लोकांनी केलं. त्यातलं सगळ्यात सुंदर काम एका माळ्याच्या तोंडी आहे.

[दृश्य: इंग्लंडमधली बाग. संध्याकाळ. खुरपं, ओली माती.]

शेक्सपिअरचं 'रिचर्ड दुसरा' हे नाटक १५९७ साली छापून आलं. त्यात तिसऱ्या अंकात एक छोटा प्रवेश आहे. राणी बागेत झाडाआड उभी आहे. माळी आणि त्याचे गडी कामं करता करता बोलतायत, आणि त्यांच्या बोलण्यातून तिला कळतं की तिच्या नवऱ्याचं, राजाचं, राज्य गेलं. नवरा गादीवरून उतरला ही बातमी तिला गड्यांच्या गप्पांतून कळते. ती संतापून बाहेर येते आणि माळ्याला शाप देते: तू लावलेली रोपं कधी जगू नयेत.

माळी रागावत नाही. ती गेल्यावर म्हणतो की तिचं दुःख कमी होणार असेल, तर माझ्या हाताला लागो तो शाप. मग जमिनीकडे बघतो. तिचा एक अश्रू जिथं पडला, तिथं तो सतापाचा वाफा लावायचं ठरवतो. 'रू' लावू, 'रूथ'साठी. रडणाऱ्या राणीची आठवण म्हणून.

बघा, शाप मिळाला रोपं न जगण्याचा, आणि उत्तर काय दिलं, तर रोप लावलं. 'रू' आणि 'रूथ' ही जोडी त्यानं नुसती कोटी म्हणून केलेली नाही. माळ्याला जे वाटतंय ते त्या शब्दातच आहे. सिंहासनं कुणाची येतात-जातात यापेक्षा त्याला वाफ्याची जागा ठरवणं महत्त्वाचं वाटतं.

लोकांना जास्त माहीत असतो तो दुसरा प्रवेश, 'हॅम्लेट'मधला. बाप मारला गेल्यावर वेडी झालेली ऑफेलिया दरबारात फुलं-पानं वाटत येते. एकाला रोझमेरी, एकाला बडीशेप. मग 'रू'. एक डहाळी समोरच्याला देते, एक स्वतःला ठेवते, आणि म्हणते की तुम्ही ही जरा वेगळ्या रीतीनं घाला. कुणाला दिली ते नाटकात लिहिलेलं नाही. रंगभूमीवर बहुतेक वेळा ती राणीच्या हातात पडते. नवरा जाऊन थोडे दिवस होत नाहीत तोच दिराशी लग्न केलेली राणी. ती ज्या 'रीतीनं' घालेल ती पश्चात्तापाची, आणि ऑफेलियाची स्वतःची नुसत्या दुःखाची. एकच पान, दोन अर्थ, दोन बायकांत वाटून दिलेले.

ऑफेलिया त्याला आणखी एक नाव देते, रविवारचं नाव: 'कृपेची वनस्पती'. पस्तावलं की देवाची कृपा होते, म्हणून. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायला याच डहाळ्या वापरत, असंही सांगतात. आपल्याकडे जसा आंब्याचा टाळा.

[दृश्य: जुनी मराठी पुस्तकं. पिवळी पडलेली पानं.]

आता मराठीत हे कसं आणायचं? गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते १८८३ साली, 'विकारविलसित' या नावानं. तेव्हापासून जो कुणी या प्रवेशाशी येतो, त्याच्यापुढं ही अडचण उभी राहते. नुसता 'पश्चात्ताप' लिहिला तर हातातलं पान जातं. नुसता 'सताप' लिहिला तर मनातलं जातं.

मला मात्र वाटतं की मराठी अनुवादक नशीबवान आहे. नर्सरीतल्या पोराची चूक आठवा. त्याला 'सताप' ऐकून 'संताप' वाटला.

'सताप' हा शब्दही परकाच. अरबी-फारसीत या झाडाला 'सदाब', 'सुदाब' म्हणतात, त्याचंच हे रूप. झाड भूमध्य समुद्राकडचं, नाव तिकडून इकडं आलेलं. आणि 'ताप' संस्कृत: भाजणं, तापणं. संताप, अनुताप, पश्चात्ताप ही सगळी त्या 'ताप'ची मंडळी. सतापाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. पण कानाला तो त्यांच्या पंगतीतलाच वाटतो. इंग्रजीत जो अपघात झाला, तोच मराठीत झाला, वेगळ्या रस्त्यानं. आपण त्याचा उपयोग केला नाही, एवढंच.

आणि हा संबंध किती चपखल बसतो, ते मला माझ्या मनगटानं शिकवलं.

[दृश्य: मनगटाचा क्लोजअप. कात्री, फांद्या, कडक ऊन.]

मे महिना. दुपारी दीडचा सुमार. कुंडीतला सताप वेडावाकडा वाढला होता म्हणून मी उघड्या हातानं छाटायला बसलो. रस हाताला लागला. काही झालं नाही. हात पुसले, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल पट्टे. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर पाण्याचे फोड, तव्याचा चटका बसावा तसे. फोड गेले, पण तपकिरी डाग गणपतीपर्यंत होते.

सतापाच्या रसात अशी द्रव्यं असतात, की ती कातडीवर असताना ऊन पडलं तर कातडी भाजते. सावलीत छाटलं आणि हात साबणानं धुतले तर बहुधा काही होत नाही. गंमत म्हणजे चटका तेव्हाच्या तेव्हा बसत नाही. एक दिवस जातो, दोन दिवस जातात, आणि मग. पश्चात् ताप. शब्दाची फोड करून बघा: मागाहून भाजणं. माझ्या हातावर ती फोड अक्षरशः उठली होती.

म्हणून आधी हे सांगतो आणि मग पुढं जातो: बाळाच्या अंगाला हा रस चोळू नका, पोटात तर मुळीच देऊ नका. गरोदर बाईनं सतापापासून लांबच राहावं. गर्भ पाडण्यासाठी हे झाड जुन्या काळी वापरलं जायचं, आणि त्यात बाईच्याही जिवावर बेतायचं. आजीचं उशाशी डहाळी ठेवणं ठीक. त्यापलीकडं डॉक्टर.

पश्चात्ताप हा मराठीत तसा जड शब्द आहे. कोर्टात, कीर्तनात शोभणारा. अनुताप हा संतांचा. अनुतापानं क्षणात दोष जातो, चित्त त्यात न्हाऊन निघतं, असं तुकोबा म्हणतात. पण रोजच्या वापरात आपण या भावनेचे किती बारीक तुकडे केलेत! बस चुकली, सुट्टे पैसे विसरले, तर चुटपुट. दुसऱ्याचं मोठं नुकसान झालं, तर हळहळ. बाबा शेवटचे आजारी असताना एक दिवस आधी निघालो असतो तर, ही रुखरुख. ती जात नाही. दिवसभर दिसत नाही आणि रात्री दिवा मालवला की येऊन बसते. घशातल्या सतापासारखी. इंग्रजी 'रू'ला माझ्या मते मराठीत हाच शब्द, आणि सुरुवातीचं अक्षरही तेच, अर्थात पुन्हा योगायोगानंच.

[दृश्य: पुद्दुचेरी. पिवळ्या भिंती, निळ्या पाट्या, सायकल.]

अर्थांची गर्दी इथंच संपत नाही. पुद्दुचेरीच्या फ्रेंच वस्तीत फिरलात तर कोपऱ्या-कोपऱ्यावर निळ्या पाट्या दिसतील: 'रू द्यूमा', 'रू रोमां रोलां'. फ्रेंचमध्ये 'रू' म्हणजे रस्ता. तो तिसऱ्याच मुळातून आला, लॅटिनमधल्या सुरकुती या अर्थाच्या शब्दातून. शहराच्या चेहऱ्यावरची सुरकुती म्हणजे गल्ली. फ्रेंच माणसाला 'रू' ऐकून सताप आठवेल, रस्ता आठवेल, पण पश्चात्ताप आठवणार नाही. तो अर्थ इंग्रजांच्याच वाट्याला आला.

आणि या सगळ्याबाहेर, जिथं 'रू' हा शब्दच नाही, तिथंही लोकांनी या झाडाला काही ना काही चिकटवलेलंच आहे. नेपल्समध्ये सतापाच्या डहाळीच्या आकाराचा चांदीचा ताईत करतात, 'चिमारूता', लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो, ते डहाळी बांधतात. लिथुआनियात हे कुमारिकेचं झाड, नवरीच्या डोक्यावर त्याचा मुकुट. इथिओपियात याची काडी कॉफीत बुडवतात आणि झाडाला म्हणतात 'आदामचं आरोग्य'. पॅराग्वेत १ ऑगस्टला उसाच्या दारूत मुरवलेला सताप उपाशीपोटी घोट-घोट घेतात, वर्षाचं आजारपण टळावं म्हणून. कडू गोष्ट वर्षातून एकदा मुद्दाम खायची, ही कल्पना गुढीपाडव्याला कडुनिंब चावणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

लंडनमध्ये तर हे झाड कोर्टात गेलं. १७५० साली ओल्ड बेली कोर्टात तुरुंगातल्या तापाची साथ शिरली. कैद्यांबरोबर आलेला ताप न्यायासनापर्यंत पोचला, आणि लंडनचा महापौर, दोन न्यायाधीश आणि इतर कितीतरी माणसं दगावली. समजूत अशी होती की ताप वाईट वासातून पसरतो. मग उग्र वासाच्या वनस्पती कोर्टात पसरायची पद्धत पक्की झाली, आणि त्यात 'रू' होता. तो ताप म्हणजे टायफस, आणि तो वासातून नव्हे, उवांतून पसरतो, हे कळायला पुढं दीडशेहून जास्त वर्षं गेली. पण चित्र डोळ्यांपुढं आणा. आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर सतापाची पानं. समोर न्यायाधीश. पश्चात्ताप झाला का, असं विचारायची जागा हीच. डॉक्टरी कारणानं ठेवलेलं पान तिथं नकळत योग्य अर्थानं बसलं होतं.

[दृश्य: औषधाच्या गोळ्यांची पट्टी. डबीतली रोजची गोळी.]

एक छोटं आडवळण. इंग्रजीत 'रू' नाव लावणाऱ्या पण या घराण्यात नसलेल्या बऱ्याच वनस्पती आहेत. त्यातली एक 'गोट्स रू', शेळीचा सताप म्हणू. ती खरं तर वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातली. तिच्यात रक्तातली साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, त्याच जातीची रसायनं प्रयोगशाळेत तयार झाली, आणि १९५७ साली झां स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं त्यातल्या एकाचा मधुमेहावर उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. ते औषध मेटफॉर्मिन. आपल्या घरात जेवणानंतर कुणीतरी ते घेत असेलच.

खऱ्या सतापाचं घराणं मात्र आपल्या अंगणात ठाण मांडून आहे. शास्त्रज्ञ त्याला 'रुटेसी' म्हणतात, म्हणजे नावच सतापावरून पडलेलं. लिंबू त्यातलं, संत्रं त्यातलं. शंकराला वाहतो तो बेल त्यातला, रामनवमीच्या सुमारास पन्हं-सरबत करतो ते कवठ त्यातलं, आणि फोडणीतला कढीपत्ताही. कढीपत्त्याचं पान उजेडाकडे धरून बघा. तेच ठिपके.

[दृश्य: गॅलरी. कुंडी. सतापाची पिवळी फुलं.]

नर्सरीतून आणलेलं रोप आता गुडघ्याएवढं झालंय. फुलं बारीक, पिवळी, बहुतेकांना चार पाकळ्या, आणि पाकळीची कड दातऱ्या काढल्यासारखी. शेजारच्या काकूंना ते फार आवडतं. "एक फांदी दे बाई लावायला," असं त्या माझ्या बायकोला दोनदा म्हणाल्या. छाटणी करायची ती पावसाळ्यात, ढगाळ दिवशी, एवढं मी मनगटाकडून शिकलो होतो, म्हणून थांबा म्हटलं.

बोलता बोलता मी त्यांना प्लिनीचं सांगितलं. प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक. सतापाचे ८४ उपयोग त्यानं लिहून ठेवलेत. चित्रकार डोळ्यांसाठी हे पान खातात, हेही त्यात आहे. त्याच्याही आधी अॅरिस्टॉटलनं लिहिलंय की मुंगसासारखं एक छोटं जनावर सापाशी झुंजण्याआधी सताप खातं, कारण सापाला तो वास सोसत नाही. हे ऐकून काकू जिंकल्यासारख्या हसल्या. "बघ, आमची सासू हेच म्हणायची."

आणि त्याच प्लिनीनं लोकांची एक समजूत नोंदवलीय: चोरून आणलेला सताप जास्त जोमानं वाढतो. चोरलेल्या मधमाश्यांचं उलट, त्या कधी भरभराटत नाहीत.

काकू काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन गेल्या.

परवा सकाळी झाडाला पाणी घालायला गेलो, तर मागच्या बाजूची एक फांदी नव्हती. काप अगदी नीट होता, तिरका, डोळ्याच्या बरोबर वर.